फ्लेक्सवरचे माझे पाय

ममता, कुडव्याच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुझं नाव, आणि मधे तू. काळा पट्टा, वळलेली कंबर, कपाळावर चिकटलेले केस, डोळ्यांत ती तुझी नेहमीची धार. फोटो झकास आलाय. त्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, छापलेल्या हाराला लागून, दोन तळपाय आहेत. ते माझे आहेत.

फ्लेक्स बनवणाऱ्याने मला पूर्ण कापलं, पण पाय कापायचे तर तुझा खांदा गेला असता, म्हणून ते राहिले. मी भाजीची पिशवी घेऊन तिथे बराच वेळ उभी होते. रडत होते हे खरं, आणि जळत होते हेही खरं. दोन्ही एका वेळी करता येतं हे मला त्या दिवशी कळलं. बाजूला एक मोटारसायकलवाला थांबला, फ्लेक्सकडे बघून म्हणाला, "मॅडम, ये पैर किसके हैं?" मी म्हटलं, "मेरे." तो हसला आणि निघून गेला. त्याला वाटलं बाईला दुःखाने भ्रम झाला असेल.

तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत. तू किती धाडसी होतीस, किती मुलींना उभं केलंस, हसतमुख होतीस. होतीस. मी नाही म्हणत नाही. पण मी तसलं लिहायला बसलेली नाही. वीस वर्षं मी तुझ्यावर जळले, ममता. सवयच झाली होती, सकाळच्या चहासारखी. आता जिच्यावर जळायचं तीच गेली, तर हे जळणं कुठे नेऊन ठेवायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून तुलाच सांगते.

आपली जोडी सरांनी लावली ती वजन पाहून. दोघी बावन्न किलो. शाळेच्या मागच्या हॉलमध्ये सर मुलींचा जुडोचा क्लास घ्यायचे. मॅट नव्हती, गोणपाटात धानाचं तणस भरून आपण गाद्या केल्या होत्या आणि पहिले सहा महिने अंगाला खाज सुटलेली असायची. गोंदियात जुडो कोणाला कळतो? सगळ्या गावासाठी आपण 'कराटेवाल्या पोट्ट्या'. सरांनी पहिल्या आठवड्यात फेकायला शिकवलंच नाही, नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करा, हात पसरून जमिनीवर आपटा, आणि काही झालं तरी पडताना तळहात टेकून स्वतःला सावरू नका. सर हे रोज शंभरदा म्हणायचे. तू तिसऱ्याच दिवशी हात टेकलास. कोपर महिनाभर सुजून होतं. त्यानंतर तू पडायचं नावच काढलं नाहीस. पडण्याचा सराव सुरू झाला की तुझी चप्पल तुटायची, पोट दुखायचं, तुला पाणी प्यायला जायचं असायचं.

सरांनी तुला पडण्यातून सूट दिली, कारण तुझी फेक. तशी फेक जिल्ह्यात कोणाची नव्हती, हे मी आज लिहून देते, तेव्हा माझ्या तोंडून कोणी वदवू शकलं नसतं. पट्ट्याच्या परीक्षेतही तू कशीबशी पडलीस, आणि परीक्षकांनी तुझ्या फेका पाहून पडणं माफ केलं. मी मात्र पडायची. माझं माहेर बोदलकशाजवळचं, तिन्ही भाऊ मला तलावाच्या बांधावरून पाण्यात ढकलायचे, त्यामुळे पडायची भीती लहानपणीच मोडली होती. सर म्हणाले, "कल्पना पडेल, ममता फेकेल." झालं. एका वाक्यात आपल्या दोघींच्या आयुष्याचा निकाल लागला आणि आपल्याला वाटलं की ही आजच्या सरावाची गोष्ट आहे.

मग शाळांचे कार्यक्रम सुरू झाले. मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं म्हणून या शाळेत बोलाव, त्या शाळेत बोलाव. तू मुलगी, मी गुंडा. वीस वर्षं मी गुंडा होते! भावाचा जुना शर्ट, गळ्यात गमछा, काजळाची मिशी. आणि माझा एकच संवाद, तोही हिंदीत, कारण आपल्याकडचा गुंडा मराठीत छेड काढत नाही: "ओ मॅडम, अकेली जा रही हो क्या?" मुली हसून हसून लोळायच्या. मी तुझा हात धरायची, तू वळायचीस, मी हवेत, मी जमिनीवर, धप्प. आणि टाळ्या.

दरेकशाच्या शाळेत एका चिमुरडीने तुला सीताफळ आणून दिलं होतं, आठवतं? मी हात पुढे केला तर ती तुझ्या मागे लपली. मी म्हटलं, "अवं, मी बाईच हाये." ती आणखीच घाबरली. तू ते सीताफळ फोडलंस आणि मला अर्धं दिलंस, आणि मी खाल्लं, पण मला ते गोड लागलं नाही. हेडमास्तर लोकांचं तर ठरलेलंच. शाल तुला, मला गुलाबाचं फूल. एका शाळेत फूलही पुरलं नाही, तेव्हा गुरुजींनी माझ्याशी जोरात हस्तांदोलन केलं. घरी परतताना तू गाडी चालवायचीस आणि मी मागे बसून तुझी शाल मांडीवर धरायची, उडू नये म्हणून.

कोणाला कधी कळलं नाही की ती फेक निम्मी माझी होती. मी वेळेवर उचलली गेले नसते, अंग जड सोडलं असतं, तर तुझी कंबर तिथेच अडकली असती आणि आपण दोघी पोत्यांसारख्या आडव्या झालो असतो. गाडी धक्क्यावर सुरू होते तेव्हा नाव ड्रायव्हरचंच होतं. मला हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, माइकवर, सगळ्या शाळेसमोर. एकदा. तू माइक घेतलास की म्हणायचीस, "पळून जाणं हा पण डावच हाये पोट्ट्यांनो. आधी ओरडा, मंग चावा, मंग पळा. थांबून मारामारी कराची नाही." मुली ते वहीत लिहून घ्यायच्या. पेपरवाल्यांनी ते वाक्य छापलं, तुझ्या नावाने. ते वाक्य माझं होतं, ममता. तिरोड्याच्या रस्त्यावर, गाडी पंक्चर झाली होती तेव्हा, मी म्हणाले होते. तू हसलीस आणि पुढच्याच शाळेत वापरून टाकलंस.

बघ, कसं सगळं बारीकसारीक जपून ठेवलंय मी. उपकार मात्र मला आठवावे लागतात, ते आपणहून येत नाहीत.

आठवतेच आता. लग्नानंतर माझ्या सासूबाईंनी क्लास बंद करायला लावला होता. "बाईमाणसानं पडापडी कायले कराची?" तू दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसलीस, त्यांच्याबरोबर शेंगा सोलल्यास, दोन तास धान, गाई, जावई असल्या गप्पा मारल्यास, आणि उठता उठता म्हणालीस, "काकू, तुमची सून कुठी पडते? पडतो तो गुंडा. तुमची सून त घरी येऊन स्वयंपाक करते." सासूबाई इतक्या हसल्या की खोकला लागला. त्यानंतर त्याच मला विचारायच्या, "काऊन वो, आज गुंड्याची ड्युटी नाही का?" तू नसतीस तर मी त्या वर्षी संपले असते. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला माहीत असेल असं समजून राहिले.

आणि रविवारच्या सकाळी. तुझ्या घरी, तुझ्या मोबाईलवर, परदेशातल्या बायकांच्या पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या. दिलीपभाऊजी पोहे करून द्यायचे आणि तिकडे बघायचेही नाहीत, म्हणायचे, "सकाळी सकाळी रक्त पाहून राहिल्या बाया." तू जिंकणारीचं नाव आधीच सांगायचीस आणि बहुतेक वेळा ते बरोबर यायचं. मी हरणारीकडे बघायची. मी म्हणायची, "पाहा, कशी पडली. मान वाचवली तिनं." तू म्हणायचीस, "तुले हरणारीच कशी दिसते वो?" मी म्हणायची, "कारण तिच्याकडे कोणी बघत नाही." तू पोह्यांची ताटली पुढे करायचीस. भांडण तिथेच मिटायचं. मिटायचं म्हणजे काय, पुढच्या रविवारपर्यंत झाकून ठेवायचं.

खरं भांडण एकच होतं. मी दहा-बारा वर्षांत किमान वीसदा तुला म्हटलं असेल, "एकदा मला फेकू दे." आधी गमतीत, मग रागात, मग लाडीगोडीने. तू कधी म्हणालीस पुढच्या वेळी, कधी म्हणालीस माझी कंबर दुखते, कधी सरळ, "मले पडता येत नाही, तुले येते. कायले बदलाचं?" मला ते ढोंग वाटायचं. टाळ्या सोडवत नाहीत आणि पडता येत नाही म्हणे. मी मनात म्हणायची, बाई मोठी हुशार आहे.

दसऱ्यानंतर तिरोड्याच्या त्या शाळेत तर हद्द झाली. शिक्षिकेने माइकवर तुझं नाव घेतलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, "और इनके साथ आई हुई..." मग थांबली, तुझ्याकडे बघितलं, आणि तू हसून म्हणालीस, "हमारा गुंडा." सगळी शाळा हसली. मीही हसले. मिशी तोंडावर असताना हसावंच लागतं.

शाळेच्या फाटकाबाहेर मी तुला धरलं. "पुढच्या शाळेत मी फेकणार. नाही तर मी येत नाही."

तू गाडी स्टँडवर लावलीस. "तुले टाळ्या पाहिजे का?"

"हो. पाहिजे."

"मंग घे ना. दुसऱ्या कोणाले घे, फेक. मी नाही पडाची."

"का? तुझी इज्जत जाते?"

तू माझ्याकडे बघितलंस. तू रागावलीस की आवाज चढवायची नाहीस, खाली आणायचीस. म्हणालीस, "तुले मले पाडाचं आहे, कल्पना. शिकवाचं नाही आहे. शिकवाचं असतं त कधीच पडली असतो मी."

मी बसने घरी आले. गाडीवर तुझ्या मागे बसले नाही. त्या दिवसापासून आपण बोललो नाही. दिवाळीला तू तुझ्या पोरीच्या, रियाच्या हाती डबाभर चकल्या पाठवल्यास. मी डबा धुऊन परत दिला, रिकामा. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. मला माहीत होतं. तुला कळावं म्हणूनच दिला.

आणि मग बारा दिवसांनी दिलीपभाऊजींचा फोन.

कुडव्याच्या अलीकडे अर्ध्या रस्त्यावर कोणी तरी धान वाळत घातलं होतं. दर वर्षी घालतात, माझे भाऊही घालतात. समोरून ट्रॅक्टर आला, तू गाडी कडेला घेतलीस, दाण्यांवरून चाक सरकलं. वेग काहीच नव्हता म्हणे, सायकलवाला पुढे जाईल इतकी हळू गाडी. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. ते तुझ्या आधी पडलं. दवाखान्यात भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "अंगावर खरचटलं पण नाही तिले. फक्त हात मोडला. मनगट. आणि डोक्याले मागून मार." ते 'फक्त' म्हणाले. त्यांना काय माहीत?

मला मात्र सगळं दिसलं. मी तिथे नव्हते, तरी तू कशी पडलीस ते मला दाण्यादाण्यासकट दिसलं. मी वीस वर्षं पडण्याशिवाय दुसरं केलंय काय? तू डावीकडे गेलीस. तू तळहात टेकलास. हात ताठ होता, मनगट गेलं, हात खालून निसटला आणि मान मोकळी मागे गेली. हनुवटी छातीला नव्हती. सतराव्या वर्षी तणसाच्या गादीवर जशी पडली होतीस, अगदी तशीच पडलीस, फक्त खाली डांबर होतं. जिला जिल्हा स्वसंरक्षणाची मॅडम म्हणत होता, तिला दर आठवड्याला मीच पडून दाखवत होते, आणि तिला पडता येत नव्हतं. ते ढोंग नव्हतं. तू मला खरं सांगत होतीस आणि मी इतकी वर्षं त्याला चलाखी समजले.

लोकांनी मला रडताना पाहिलं आणि म्हटलं, मैत्रीण होती हो सख्खी. कोणाला सांगू की मी कशासाठी रडते? मी मत्सराने मागितलं म्हणून तू नाही म्हणालीस. तुला त्या मत्सराचा वास यायचा. तेच मी दुसऱ्या तोंडाने मागितलं असतं, म्हटलं असतं, ममता, तुला भीती वाटते ना, चल, हॉलचं दार लावून घेऊ, कोणी बघणार नाही, हळूहळू पडू, तर तू पडली असतीस. तू तोंडावर सांगितलंसच की. त्यानंतरही माझ्याकडे चार आठवडे होते. मी डबा धूत बसले.

तेरवीला सगळ्या शाळांमधल्या मुली आल्या होत्या. मी पंगतीला वाढत होते. तिरोड्याच्या त्याच शिक्षिका माझ्याजवळ आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "कल्पना मॅडम, पुढच्या महिन्यात शाळेचा कार्यक्रम आहे. ममता मॅडमच्या नावाने डेमो ठेवू. आता त्यांचा रोल तुम्हीच करा." या वेळी त्यांना माझं नाव आलं. मी लगेच हो म्हटलं. वाढता वाढता, हातात वरणाची बादली, तुझ्या तेरवीच्या पंगतीत, मी एक सेकंदही थांबले नाही. मग मागे जाऊन बादली ठेवली आणि नळाखाली हात धरून उभी राहिले.

गुंडा कोण होणार हा प्रश्न रियाने सोडवला. "मी होतो, मावशी." तुझी सतरा वर्षांची पोर, तुझीच कंबर, तुझेच डोळे. मी विचारलं, "पडता येते तुले?" ती म्हणाली, "आईनं फेकाचंच शिकवलं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्या गच्चीवर. चार जुन्या गाद्या, वर सतरंजी. मी तिला आधी बसल्या बसल्या मागे टाकलं, नुसतं खांद्याला बोट लावून. तिने हात टेकला. पटकन, आपसूक, तुझ्यासारखा. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवर पापड घालणारी बाई उठून उभी राहिली. मी रियाचं मनगट धरलं आणि हलवून हलवून म्हटलं, "हा नाही! हा हात नाही टेकाचा! कधीच नाही!" आणि मग मला तिचं मनगट सोडता येईना. ती बारीक पोर, तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. मनगटाचं तिने दवाखान्यात ऐकलंच होतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशी, मंग आईले काऊन नाही शिकवलं तू?"

भांडण झालं की तू आवाज खाली आणायचीस तसाच तिचाही आवाज खाली गेला होता. मी काहीही सांगू शकले असते. तिला वेळ नव्हता, तिची इच्छा नव्हती, सरांनीच सोडलं. सगळं निम्मं निम्मं खरं आहे. मी म्हटलं, "मी जळत होते तिच्यावर. मला तिला शिकवायचं नव्हतं, सगळ्यांसमोर पाडायचं होतं. तिला ते कळलं."

रियाने सतरंजीचा सुटलेला दोरा ओढून काढला. मग म्हणाली, "तू जळते हे त आईले माहीतच होतं. घरी म्हणे ना ती. म्हणे, कल्पना जळते मायावर, पण तिच्यासारखी पडणारी कोठी नाही. ती पडते म्हणून मी उभी दिसतो."

आता सांग, ममता. हे तू घरी म्हणायचीस. पोहे खाताना, भांडी लावताना, पोरीसमोर, नवऱ्यासमोर. माझ्यासमोर का नाही? वीस वर्षं मी या एका वाक्यासाठी तोंड वासून बसले होते आणि तू ते घरात सांडत होतीस. मला त्या क्षणी रियाचाही हेवा वाटला, तिने ते फुकट ऐकलं म्हणून. मी रडले नाही. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर खरंच पाडलं असतं तुला. पण मग वाटलं, मीही तुला सासूबाईंच्या वेळचं कधी बोलले नव्हते. म्हणजे आपण दोघींनी एकमेकींची चांगली गोष्ट दुसऱ्यांच्या घरी नेऊन ठेवली.

रिया उठली. गादीच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "चाल, पाड." माझ्यावर रागावली होती की नाही, ते तिने कळू दिलं नाही, आजही दिलेलं नाही. तिला तो हक्क आहे.

महिनाभर पडली ती. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात पसरून आपटायचा. पहिल्या आठवड्यात रोज एकदा तरी तळहात जायचा. दुसऱ्या आठवड्यात कमी झाला. एका सकाळी कपड्यांच्या दोरीत पाय अडकून ती खरीच घसरली, सरावात नाही, नुसती चालता चालता, आणि तिची हनुवटी आपोआप छातीला गेली, हात फाटदिशी जमिनीवर पसरला, काहीही लागलं नाही. ती पडल्या पडल्या हसायला लागली. मी जिन्यात जाऊन बसले.

परवा कार्यक्रम झाला. गमछा रियाच्या गळ्यात, काजळाची मिशी मीच काढून दिली. मी पहिल्यांदा मुलगी झाले, चाळिशी जवळ आल्यावर. तिने हात धरला, "ओ मॅडम, अकेली जा रही हो क्या?" मुली हसल्या. मी वळले, कंबर खाली घातली, आणि तुझी पोर माझ्या पाठीवरून गेली.

वीस वर्षं मी खालून बघितलेली गोष्ट पहिल्यांदा वरून बघितली. फेकणारीचा एक हात शेवटपर्यंत पडणारीच्या बाहीवर असतो. सोडायचा नसतो. तोच हात वर ओढून धरतो म्हणून डोकं जमिनीपर्यंत पोहोचत नाही. हे मला पाठ होतं, सरांनी सांगितलेलं, पण अंगाला माहीत नव्हतं. म्हणजे हजारो वेळा मी हवेत होते तेव्हा तू मला धरून होतीस, आणि मी त्या वेळी टाळ्या मोजत होते.

रिया नीट पडली. सुंदर पडली. मी तिची बाही धरून तिची मान बघत होते, आणि मग टाळ्या आल्या. खोटं कशाला बोलू? गोड वाटल्या. फार गोड वाटल्या. तू इतकी वर्षं एकटीने खाल्ल्यास, मला घासभर ठेवलं नाहीस, आणि तुला हे मी कधीच माफ करणार नाही. शिक्षिकाबाईंनी माझ्या हाती माइक दिला. मी म्हटलं, हिचं नाव रिया आहे, ही आज पडली म्हणून मी उभी दिसते, आणि आधी सगळ्या जणी पडायला शिका, फेकायचं नंतर बघू. मग अख्खी शाळा मैदानावर बसवली आणि एकेकीला मागे पाडत गेले.

संध्याकाळी घरी आले तरी हाताची मूठ सुटत नव्हती, बाही धरल्यासारखी. त्या मुठीकडेच बघत बसले. एकदा तरी माझ्या हातून पडायचं होतंस, ममता. मी जळत होते, हो, तुला पाडायला निघाले होते, हो. पण मी तुला सोडलं नसतं.